बारकोड: आधी क्रमांक, मग प्रकार, सगळ्यात शेवटी प्रिंटर

बारकोडचं काम अंगावर आलं की बहुतेक जण आधी प्रिंटर आणि स्कॅनर शोधायला लागतात. मग इंटरनेटवरचं एखादं फुकट जनरेटर, म्हणजे कोड बनवून देणारं पान, उघडतात. तिथे प्रकारांची लांबलचक यादी असते, त्यातल्या ओळखीच्या वाटणाऱ्या नावावर क्लिक करतात. लेबलं छापून होतात, चिकटवूनही होतात, आणि मग कळतं की ज्याच्या काउंटरवर ती वाचली जायला हवी होती तिथे यंत्र नुसतं गप्प बसतं.

मी मालाच्या नोंदी आणि लेबलांच्या कामात बरीच वर्षं आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं असतं की तीन प्रश्नांची उत्तरं आधी लिहून काढा: कोड कोण वाचणार, कशाने वाचणार, आणि तो कशावर छापला जाणार. ही उत्तरं हातात असली की प्रकार निवडायला फार डोकं लावावं लागत नाही. ती नसतील तर महागातला प्रिंटरही उपयोगाचा नाही.

१. बारकोडात काय असतं आणि काय नसतं

दुकानातल्या पाकिटावरच्या पट्ट्यांत वस्तूचं नाव नसतं, किंमत नसते, शिल्लक किती तेही नसतं. असतो फक्त एक क्रमांक. स्कॅनर तो क्रमांक संगणकाला देतो आणि नाव, किंमत, कर हे सगळं संगणक आपल्या तक्त्यातून काढतो. म्हणूनच किंमत बदलली तरी पाकिटावरचा कोड बदलावा लागत नाही, आणि दोन दुकानांत एकाच वस्तूची किंमत वेगळी असू शकते.

अपवाद आहे तो दुकानातच वजन करून लेबल लावलेल्या मालाचा. त्या लेबलाचा क्रमांक बहुधा २ ने सुरू होतो आणि त्यात वजन किंवा रक्कम घातलेली असते. पण तो क्रमांक त्या दुकानापुरताच. बाहेर त्याला काही अर्थ नाही.

यावरून एक काम निघतं: छपाईच्या आधी तक्ता तयार करा. प्रत्येक वस्तूला, आणि तिच्या प्रत्येक आकाराला, रंगाला, वजनाला वेगळा क्रमांक. अर्धा किलो आणि एक किलोला एकच क्रमांक दिला की पहिल्याच स्टॉकतपासणीत आकडे जुळेनासे होतात. बंद केलेल्या वस्तूचा क्रमांक नव्या वस्तूला देऊ नका.

२. पट्ट्या कशा वाचल्या जातात

हे समजून घ्यायला थोडा वेळ द्या, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे.

पट्ट्यांची कल्पना मोर्स कोडमधून आली. नॉर्मन जोसेफ वुडलँड यांनी मोर्समधले ठिपके आणि रेघा वाळूत बोटांनी खाली ओढल्या, तेव्हा त्यांच्या जाड-बारीक पट्ट्या झाल्या. बर्नार्ड सिल्व्हर यांच्यासोबत त्यांनी १९४९ मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला, ते १९५२ मध्ये मिळालं. लेझर आणि परवडणारे संगणक यायला मात्र पुढे दोन दशकं गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटात रिगलीच्या च्युइंग गमचं पाकीट स्कॅन झालं आणि दुकानातल्या यूपीसी कोडचा (अमेरिकेतल्या बारा अंकी कोडचा) वापर सुरू झाला.

स्कॅनर प्रकाश टाकतो. काळी पट्टी तो शोषून घेते, पांढरी फट परत पाठवते. आत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारांवरून प्रत्येक पट्टीची आणि प्रत्येक फटीची रुंदी मोजली जाते. माहिती फक्त काळ्या पट्ट्यांत असते असं पुष्कळांना वाटतं, पण फटीही तितक्याच मोलाच्या आहेत. शाई पसरून पट्ट्या जाड झाल्या की फटी बारीक होतात आणि कोड बिघडतो, तो त्यामुळेच.

किराणा मालावर दिसणारा ईएएन-१३ हा तेरा अंकी कोड जवळून पाहा. त्याची रुंदी ९५ समान भागांत वाटलेली असते. अशा एका भागाला मॉड्यूल म्हणतात. दोन्ही टोकांना तीन-तीन मॉड्यूलच्या आणि मधोमध पाच मॉड्यूलच्या खुणा असतात. खाली जरा लांब आलेल्या जोडरेघा दिसतात, त्या याच. उरलेल्या जागेत डावीकडे सहा अंक, उजवीकडे सहा. प्रत्येक अंकाला सात मॉड्यूल, आणि त्यांत दोन पट्ट्या व दोन फटी. डाव्या भागातला ५ घ्या: एक मॉड्यूल फट, दोन मॉड्यूल पट्टी, तीन मॉड्यूल फट, एक मॉड्यूल पट्टी. उजव्या भागात हाच ५ उलट रंगवतात, म्हणजे फटीच्या जागी पट्टी आणि पट्टीच्या जागी फट.

सहा आणि सहा बारा झाले. मग तेरावा अंक कुठे आहे? त्याला स्वतःच्या पट्ट्याच नाहीत. डावीकडचे सहा अंक दोन पद्धतींनी लिहिता येतात, आणि कोणता अंक कोणत्या पद्धतीने लिहिला आहे यावरून पहिला अंक ओळखला जातो. सगळे सहा पहिल्या पद्धतीने लिहिले असतील तर पहिला अंक शून्य, आणि तोच अमेरिकेत चालणारा बारा अंकी यूपीसी. पाकीट उलटं धरलं तरी कोड वाचला जातो, तोही या मांडणीमुळे: डावीकडून सुरुवात केली की पहिल्या अंकात काळ्या मॉड्यूलची संख्या विषम येते, उजवीकडून केली की सम.

पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा हाही कोडचाच भाग आहे. तिला क्वाएट झोन म्हणतात. ईएएन-१३ ला डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ मॉड्यूल इतकी ती लागते. डिझाइन करणाऱ्याला ती वाया गेलेली जागा वाटते आणि तो तिथे चौकट किंवा मजकूर आणून ठेवतो. कोड कुठे सुरू होतो हेच मग यंत्राला कळत नाही.

३. प्रकार निवडा

*वस्तू इतरांच्या दुकानात किंवा ऑनलाइन बाजारात विकायची आहे.* ईएएन-१३, किंवा अमेरिका-कॅनडासाठी यूपीसी. इथे दुसरा पर्याय शोधूच नका. फारच लहान पाकिटासाठी ईएएन-८ आहे, पण त्याचे क्रमांक मोजकेच असल्याने ते वेगळे मागावे लागतात. पुस्तक असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा स्वतःचा क्रमांकच, ९७८ किंवा ९७९ ने सुरू होणारा ईएएन-१३ होतो. २००७ पासून आयएसबीएन तेरा अंकी आहे.

*वस्तू खोक्यात भरून गोदामाला पाठवायची आहे.* खोक्यावर चौदा अंकी आयटीएफ-१४. याच्या पट्ट्या ठळक असतात, त्यामुळे खडबडीत पुठ्ठ्यावर थेट छापता येतात. प्रकाशाची रेघ तिरकी गेली तर हा कोड अर्धवट वाचला जाऊन चुकीचा छोटा क्रमांक येऊ शकतो. त्यासाठीच त्याच्या वरखाली जाड आडव्या पट्ट्या असतात. त्या काढू नका, आणि स्कॅनरमध्ये लांबी १४ अंकांवर पक्की करून ठेवा.

*कोड फक्त आपल्याच जागेत वाचायचा आहे,* म्हणजे गोदाम, ग्रंथालय, कार्यशाळेतली अवजारं, फायली. इथे कोड १२८ घ्या. त्यात आकडे, लहान-मोठी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बसतात, आणि नुसते आकडे असतील तर दोन आकडे एका अक्षराच्या जागेत मावतात. जुना कोड ३९ अजून पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्यात आकडे, इंग्रजी मोठी अक्षरं आणि सात चिन्हं एवढंच चालतं, आणि जागा जास्त लागते. एक हिशोब पाहा: नऊ अक्षरांचा क्रमांक, सर्वांत बारीक रेघ ०.२५ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना दहा-दहा मॉड्यूलची कोरी जागा. कोड १२८ ला सुमारे ३८.५ मिलिमीटर लागतात. जाड-बारीक रेघांचं प्रमाण तीनास एक ठेवलेल्या कोड ३९ ला जवळजवळ ४९. जुनी यंत्रणा हट्ट धरत नसेल तर कोड ३९ च्या वाटेला जाऊ नका.

*बॅच नंबर, एक्सपायरी, अनुक्रमांक हे सगळं कोडमध्येच हवं आहे.* जीएस१-१२८ किंवा जीएस१ डेटा मॅट्रिक्स हा चौकोनी कोड. जीएस१ ही वस्तूंचे क्रमांक देणारी संस्था. यात प्रत्येक माहितीच्या आधी ठरलेला आकडा येतो: ०१ म्हणजे वस्तूचा क्रमांक, १० म्हणजे बॅच, १७ म्हणजे एक्सपायरी (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, प्रत्येकी दोन आकडे), २१ म्हणजे अनुक्रमांक. लेबलावर हे आकडे कंसात छापलेले असतात, पण ते कंस माणसांसाठी आहेत. पट्ट्यांत ते घालायचे नसतात. साध्या कोड १२८ च्या जनरेटरमध्ये कंसासकट मजकूर टाकला की दिसायला कोड हुबेहूब तसाच होतो, आणि समोरची यंत्रणा तो नाकारते. हा घोळ फार वेळा पाहण्यात येतो.

*जागा नखाएवढी आहे.* डेटा मॅट्रिक्स. औषधांची पाकिटं, शस्त्रक्रियेची उपकरणं, इलेक्ट्रॉनिक सर्किटं यांवर हाच असतो. दोन बाजूंना सलग काळी कड दिसली की ओळखा. सर्वांत लहान आकृती १० बाय १० चौकटींची, आणि तिच्यातही सहा आकडे मावतात.

*ग्राहकाने मोबाइलने वाचायचा आहे.* क्यूआर. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९४ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांसाठी केला. त्यात चूक दुरुस्त करण्याच्या चार पातळ्या आहेत. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. मजकूर जितका लांब तितक्या चौकटी बारीक होत जातात, म्हणून लिंक छोटी ठेवा. आणि छापण्याआधी बघा की क्यूआरमध्ये तुमचीच लिंक आहे की जनरेटर देणाऱ्याची मधली लिंक. मधली असेल तर त्यांची वर्गणी थांबली की तुमचे छापलेले सगळे कोड निकामी.

पीडीएफ४१७ आणि ॲझटेक हे विमानाच्या बोर्डिंग पासवर दिसतात. बहुतेकांना ते स्वतः करायची वेळ येत नाही.

देवनागरीबद्दल वेगळं सांगायला हवं. ईएएन, कोड ३९, कोड १२८ यांत देवनागरी अक्षरं बसत नाहीत. क्यूआरमध्ये बसतात आणि मोबाइल ती नीट दाखवतो, पण काउंटरवरचा साधा स्कॅनर तिथे चुकीची अक्षरं उमटवू शकतो. मराठी नाव तक्त्यात ठेवा, कोडमध्ये क्रमांक.

४. क्रमांक मिळवा

आपल्याच जागेत वापरायचा असेल तर क्रमांक तुम्हीच ठरवा, कोणाची परवानगी लागत नाही. क्रमांकात अर्थ कोंबायचा मोह टाळा. "पहिले दोन आकडे विभाग, पुढचे दोन वर्ष" असं सुरू केलं की विभाग बदलल्यावर क्रमांक खोटं बोलायला लागतो.

बाहेर विकायचं असेल तर जीएस१ या संस्थेच्या आपल्या देशातल्या शाखेकडे नोंदणी करावी लागते. साधारणपणे लागतं ते असं:

- व्यवसाय नोंदणीचं प्रमाणपत्र
- कर नोंदणी क्रमांक
- पत्त्याचा पुरावा आणि अधिकृत व्यक्तीचं ओळखपत्र
- किती वस्तूंना क्रमांक हवे आहेत याचा अंदाज, पुढच्या काही वर्षांचा धरून

देशाप्रमाणे या यादीत थोडा फरक पडतो. शुल्क क्रमांकांच्या संख्येवर ठरतं आणि पुष्कळ ठिकाणी ते दरवर्षी भरावं लागतं.

सुरुवातीचे तीन आकडे पाहून वस्तू कुठे बनली ते कळतं, हा समज चुकीचा आहे. ८९० म्हणजे कंपनीची नोंदणी जीएस१ च्या भारतातल्या शाखेकडे, ४०० ते ४४० म्हणजे जर्मनीतल्या. माल कुठेही बनलेला असू शकतो.

दुसरा सापळा स्वस्तात मिळणाऱ्या तयार क्रमांकांचा. ते मूळ दुसऱ्याच कंपनीच्या नावावर नोंदलेले असतात. जीएस१ च्या 'व्हेरिफाइड बाय जीएस१' या शोधसेवेत क्रमांक टाकला की मालक कोण ते दिसतं, आणि मोठे ऑनलाइन बाजार तीच नोंद पडताळतात. नाव जुळलं नाही की वस्तू यादीतून बाहेर.

५. शेवटचा अंक तपासा

ईएएन-१३ मधला तेरावा अंक आधीच्या बारांवरून काढलेला असतो. त्याला चेक डिजिट म्हणतात. २०१४७०३५८६१२ हा क्रमांक घेऊ. विषम स्थानांवरचे अंक मिळवा: २, १, ७, ३, ८, १, बेरीज २२. सम स्थानांवरचे: ०, ४, ०, ५, ६, २, बेरीज १७, तिची तिप्पट ५१. एकूण ७३. पुढची दहाची पट ८०, म्हणून चेक डिजिट ७.

एक अंक चुकला की हा हिशोब लगेच पकडतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडतो. पण त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल तर नाही: वरच्या क्रमांकातले ६ आणि १ बदलून २०१४७०३५८१६२ करा, उत्तर पुन्हा ७ च येतं. म्हणून क्रमांक हाताने टाइप करू नका; तक्त्यातूनच कॉपी करा.

तक्ता एक्सेलमध्ये असेल तर क्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात, लांब क्रमांक घातांकात दिसतात आणि पंधराच्या पुढचे आकडे सरळ शून्य होतात.

६. आकार, रंग आणि छपाई

ईएएन-१३ चा मूळ आकार कोऱ्या जागेसकट ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर. एक मॉड्यूल ०.३३ मिलिमीटर. ८० टक्क्यांपर्यंत लहान आणि २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता येतो. उंची कापली तरी कोड वाचला जातो, पण काउंटरवर वस्तू नीट वळवून धरावी लागते आणि रांग खोळंबते.

आता प्रिंटरचं गणित. थर्मल, म्हणजे उष्णतेने छापणारा, प्रिंटर ठिपक्यांनी छापतो, आणि एका मॉड्यूलमध्ये ठिपके पूर्णच बसायला हवेत. २०३ डीपीआय म्हणजे दर मिलिमीटरला ८ ठिपके. दोन ठिपक्यांचं मॉड्यूल ०.२५ मिलिमीटर होतं, जे ८० टक्क्यांच्याही खाली जातं. म्हणून तीन ठिपके, ०.३७५ मिलिमीटर, आणि पूर्ण कोड सुमारे ४२.४ मिलिमीटर रुंद. ३०० डीपीआयवर चार ठिपके घेतले की ०.३३९ मिलिमीटर येतं आणि कोड सुमारे ३८.३ मिलिमीटरमध्ये मावतो. तुमचं लेबल ४० मिलिमीटरचं असेल तर २०३ चा प्रिंटर कामाचा नाही, हे खरेदीआधी कळलेलं बरं. कोडचं चित्र माउसने ओढून लहान-मोठं करू नका. सॉफ्टवेअरमध्ये मॉड्यूलचा आकार देऊन नव्याने बनवा.

लेबल किती टिकायला हवं तेही पाहा. डायरेक्ट थर्मल कागद (ज्यावर रिबनशिवाय, कागदच तापवून छापतात) उष्णतेने आणि उन्हाने काळवंडतो किंवा फिका पडतो. कुरिअरच्या पार्सलला चालतो, कपाटावर वर्षानुवर्षं राहणाऱ्या लेबलाला नाही. तिथे रिबनवाला थर्मल ट्रान्सफर घ्या.

रंगांत एक गोष्ट फसवते. काउंटरवरचे पुष्कळ स्कॅनर लाल प्रकाशाने वाचतात, आणि लाल प्रकाशाला लाल पट्टी पांढरी दिसते. पांढऱ्यावर लाल पट्ट्या म्हणजे यंत्राच्या लेखी कोरा कागद. लालवर काळ्या पट्ट्या मात्र व्यवस्थित चालतात. तपकिरी पट्ट्याही टाळा. काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या पुष्कळ स्कॅनर नाकारतात. पारदर्शक पिशवीवर छापायचं असेल तर खाली पांढरा थर लागतो.

गोल बाटलीवर पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक येतील असा कोड फिरवा. उभ्या ठेवल्या तर टोकाच्या पट्ट्या वळणाआड जातात.

बारकोडचे फॉन्ट वापरून कोड टाइप करणाऱ्यांसाठी: कोड ३९ च्या फॉन्टमध्ये क्रमांकाच्या दोन्ही टोकांना तारांकन (*) टाकावं लागतं. कोड १२८ च्या फॉन्टमध्ये नुसता क्रमांक टाइप करून चालत नाही. सुरुवातीचं चिन्ह, तपासणीचं चिन्ह आणि शेवटचं चिन्ह आधी काढून घ्यावं लागतं.

७. स्कॅनर

लेझर स्कॅनर फक्त पट्ट्यांचे कोड वाचतो आणि मोबाइलच्या पडद्यावरचे बहुधा वाचत नाही. इमेजर चित्र टिपतो, त्यामुळे पट्ट्या, क्यूआर, डेटा मॅट्रिक्स सगळं वाचतो. नवीन घेत असाल तर इमेजरच घ्या: २०२७ च्या अखेरीपर्यंत दुकानांच्या काउंटरवर पट्ट्यांच्या जोडीने चौकोनी कोडही वाचले जावेत, असं जीएस१ चं उद्दिष्ट आहे.

बहुतेक स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच जोडले जातात. म्हणजे त्या क्षणी संगणकावर मराठी कीबोर्ड चालू असेल तर कोडमधली इंग्रजी अक्षरं देवनागरीत उमटतात. स्कॅनर बिघडला असं समजून दुरुस्तीला पाठवण्याआधी भाषा बदलून बघा.

८. छापण्याआधीची चाचणी

एकच लेबल छापा आणि खऱ्या वस्तूवर चिकटवा. सपाट टेबलावर सगळंच वाचलं जातं. मोबाइलने वाचलं म्हणजे झालं असं धरू नका, मोबाइलचा कॅमेरा खराब कोडही सांभाळून घेतो. ज्या प्रकारच्या स्कॅनरने पुढे वाचायचं आहे त्यानेच, वेगवेगळ्या अंतरावरून वाचा. उमटलेला क्रमांक तक्त्यातल्या क्रमांकाशी एकेक आकडा जुळवा. मोठ्या दुकानसाखळीला माल द्यायचा असेल तर छपाईवाल्याकडून आयएसओ १५४१६ या पट्ट्यांच्या छपाईचा दर्जा ठरवणाऱ्या मानकाप्रमाणे प्रतवारीचा अहवाल मागून घ्या.

पुढे प्रत्येक नवा रोल लावताना एक लेबल भिंगाखाली धरा. प्रिंटहेडचा (प्रिंटरच्या छापणाऱ्या भागाचा) एखादा ठिपका जळला की कागद ज्या दिशेने सरकतो त्या दिशेने एक बारीक पांढरी रेघ सगळ्या लेबलांवर येते. ती पट्ट्यांना आडवी असेल तर कोड तग धरतो. पट्ट्यांना समांतर असेल तर एखादी बारीक पट्टीच नाहीशी होते. अशा वेळी डिझाइन ९० अंशांनी फिरवा आणि नवा प्रिंटहेड येईपर्यंत काम चालू ठेवा.